बोकडवीऱ्याचा पांढरा ढग

डिसेंबरातली सकाळ होती. उरणजवळच्या द्रोणागिरी नोडमधल्या आमच्या मजल्यावर राहणारी सातवीतली मुलगी गॅलरीतून ओरडली, "काका, लवकर या! केवढा धूर सोडलाय बघा." बोकडवीऱ्याच्या, म्हणजे उरणच्या गॅस वीज केंद्राच्या दिशेला खरंच एक पांढराशुभ्र ढग उभा होता, पिंजलेल्या कापसासारखा. तिच्या आईने तोवर खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांची ऊर्जा तपासणी करतो. बॉयलर, कॉम्प्रेसर, गळके स्टीम ट्रॅप हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी आपसूक माझ्यावर आली.

"धूर नाही गं, वाफ आहे ती. धूर असता तर लांबवर पसरत गेला असता. हा बघ कसा, थोडा वर गेला की विरतोय."

"म्हणजे गॅसवर वीज करणारं केंद्र स्वच्छ असतं?"

"हो," असं म्हणून मी चहा घ्यायला आत गेलो. पण तो 'हो' दिवसभर दाताखाली आलेल्या खड्यासारखा टोचत राहिला. स्वच्छ म्हणजे कशापेक्षा? कोणासाठी? आणि कसं चालवलं तर? रविवारी वही घेऊन बसलो आणि आकडेमोड केली, तिची ही हकीकत. मी या केंद्रात कधी नोकरी केलेली नाही. केंद्राची रचना आणि क्षमता सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीचा हिशोब माझा, ढोबळ आणि पूर्णांकात बसवलेला.

नासाडीतून जन्मलेलं केंद्र

१९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं. तेलाबरोबर गॅसही वर येतो, पण सुरुवातीला त्याला पुरेसं गिऱ्हाईकच नव्हतं. त्यामुळे बराचसा गॅस समुद्रातच मशालीसारखा जाळून टाकला जाई. पाइपलाइनने तो उरणच्या किनाऱ्यावर आला तेव्हा तो खपवायचा झटपट मार्ग एकच होता, गॅस टर्बाइन. कोळशाचं केंद्र उभं करायला वर्षानुवर्षं लागतात, गॅस टर्बाइन त्या मानाने लवकर उभी राहते. राज्य वीज मंडळाने १९८२ मध्ये इथे ६० मेगावॉटच्या टर्बाइन सुरू केल्या. अशा चार होत्या. १९८५ च्या सुमाराला १०८ मेगावॉटच्या आणखी चार आल्या.

गॅस टर्बाइन म्हणजे ढोबळमानाने जमिनीवर बोल्ट मारून बसवलेलं विमानाचं इंजिन. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात गॅस जाळायचा आणि त्या झोताने पाती फिरवायची. यात एक मोठी उधळपट्टी आहे. पात्यांमधून बाहेर पडणारा वायू ५०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. म्हणजे गॅसमधल्या उष्णतेचे सुमारे दोन तृतीयांश चिमणीतून आकाशात. १९९४ मध्ये ही उष्णता पकडायला १२० मेगावॉटच्या दोन वाफेच्या टर्बाइन जोडल्या गेल्या. त्या स्वतः काडीचंही इंधन जाळत नाहीत. दोन गॅस टर्बाइनांच्या गरम वायूवर पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर तिसरं यंत्र चालवायचं. याला सगळे कम्बाइन्ड सायकल म्हणतात. वाफेच्या बाजूशिवाय चाललं तर ओपन सायकल.

६० मेगावॉटची जुनी यंत्रं पुढे मोडीत निघाली. उरली ती चार गुणिले १०८ आणि दोन गुणिले १२०, एकूण ६७२ मेगावॉट. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले आणि केंद्र महानिर्मितीकडे गेलं. गावात मात्र त्याचं नाव अजून 'जीटीपीएस'च, म्हणजे गॅस टर्बाइन पॉवर स्टेशन. रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं.

तोच गॅस, दीडपट वीज

सगळं प्रकरण या एका गुणोत्तरावर फिरतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एका संचात दोन गॅस टर्बाइन आणि एक वाफेची टर्बाइन. दोन गॅसवाल्यांचे २१६ मेगावॉट, वाफेचे १२० मिळवले की ३३६. जाळलेला गॅस दोन्ही वेळेला तेवढाच. वाफेची बाजू चालू असेल तर त्याच गॅसमधून दीडपटीहून जास्त वीज निघते. बंद असेल तर १२० मेगावॉट निव्वळ हवेत.

कार्बनच्या भाषेत सांगायचं, तर अशा जुन्या टर्बाइनमधून ओपन सायकलला एका युनिटमागे साधारण ६०० ते ६२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कम्बाइन्ड सायकलला तो ४०० च्या आसपास येतो. आपल्याकडच्या कोळशाच्या केंद्राचा आकडा ९५० च्या घरात जातो.

आता ढगाकडे परत येऊ. वाफेच्या टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ पुन्हा थंड करून तिचं पाणी करावं लागतं आणि ती उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडली जाते. थंडीच्या दमट सकाळी त्या टॉवरवर पांढरा ढग तयार होतो. म्हणजे जो ढग बघून आमच्या शेजारणीने खिडक्या लावल्या, तसा ढग दिसणं ही खरं तर चांगली खूण. वाफेची बाजू चालू आहे, गॅसचा पुरता कस निघतो आहे.

याच्या उलट ओपन सायकल. गॅस टर्बाइन आणि वाफेचा बॉयलर यांच्यामध्ये एक झडप असते. ती फिरवली की गरम वायू बॉयलरकडे न जाता बायपास चिमणीतून सरळ वर जातो. डोळ्याला काहीच दिसत नाही, ना ढग ना धूर. नीट बघितलं तर चिमणीच्या तोंडाशी हवा हलते, मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर हलते तशी. बघणाऱ्याला वाटतं, आज काय स्वच्छ चाललंय! आणि त्याच वेळी प्रत्येक युनिटमागे दीडपट कार्बन वर चाललेला असतो.

आयुष्य गॅस टर्बाइनवर काढलेले एक दादा शेजारच्या गावात राहतात. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. "अरे बाला, पांढरं दिसतं ना त्याला घाबरू नुको. गरम मशीन ऐकून कलते, बघून नाय." मग गॅस कमी आला की पाळीवर काय होतं ते त्यांनी हाताने दाखवलं. एक यंत्र बंद करायचं, दुसरं अर्ध्या लोडवर आणायचं. बंद केलेली गॅस टर्बाइन काही मिनिटांत पुन्हा जोर धरते, पण वाफेची बाजू एकदा थंड पडली की जाड पोलादी ड्रम आणि पाइप हळूहळूच तापवावे लागतात, नाहीतर तडे जातात. त्यात काही तास जातात आणि तेवढे तास ओपन सायकल.

गॅसचा तुटवडा म्हणजे नुसती वीज कमी, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तुटवडा आला की यंत्र सारखं चालू-बंद होतं, अर्ध्या लोडवर रखडतं, आणि जी थोडी वीज निघते तीही जास्त कार्बन घेऊन निघते.

गॅस गेला कुठे

पूर्ण क्षमतेने चोवीस तास चाललं तर ६७२ मेगावॉटचं केंद्र दिवसाला सुमारे १ कोटी ६० लाख युनिट वीज देईल. त्यासाठी माझ्या हिशोबाने ३४ लाख घनमीटरच्या आसपास गॅस लागतो, रोज. एवढा स्वस्त देशी गॅस या केंद्राच्या वाट्याला नाही.

याचं एक कारण माझ्याच स्वयंपाकघरात आहे. मुंबई हायचा गॅस उरणला उतरतो, तिथून एक नळ ट्रॉम्बेला जातो, एक थळच्या खत कारखान्याला. मुंबई-ठाण्यातल्या रिक्षांचा सीएनजी आणि घरोघरच्या शेगड्यांचा पाइप गॅस यांचा मोठा हिस्सा याच देशी गॅसमधून येतो. २०१४ पासून सरकारने स्वस्त देशी गॅसवर पहिला हक्क घरगुती शेगडी आणि सीएनजीला दिला. जुन्या विहिरींचा गॅस वर्षागणिक घटतो आणि शहरातल्या शेगड्या वाढतात. वीज केंद्र रांगेत मागे जाणार, हे उघड आहे. मला हा क्रम चुकीचा वाटत नाही. रिक्षाचा धूर थेट माणसांच्या नाकाशी सुटतो, तिथे गॅस वापरणं केव्हाही शहाणपणाचं.

मग आयात केलेला एलएनजी, म्हणजे द्रवरूप करून जहाजाने आणलेला गॅस, का घेत नाहीत? २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि त्याचे भाव आकाशाला भिडले. देशी गॅसच्या दराला २०२३ च्या एप्रिलमध्ये कमाल मर्यादेचं झाकण घातलं गेलं, ते एलएनजीला लागू नाही. महाग गॅसची वीज घ्यायला कोणी तयार नसतं. ऐरोलीला आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची, हे तिथून ठरतं आणि त्याला मेरिट ऑर्डर म्हणतात. ज्याचं इंधन स्वस्त त्याची वीज आधी. खाणीला खेटून असलेलं कोळशाचं केंद्र या रांगेत पुढे असतं, महाग गॅसवाला शेवटी. गुहागरला अंजनवेलचं १,९६७ मेगावॉटचं केंद्र याच दुखण्याने वर्षानुवर्षं रखडत राहिलं.

इथे विझलं की तिथे पेटतं

आमच्या बाजूची चिमणी थंडावली म्हणून ठाण्या-नवी मुंबईतला एकही एसी बंद होत नाही. ती वीज दुसरीकडून येते, आणि बहुतेक वेळा ते दुसरीकडे म्हणजे विदर्भ. चंद्रपूरचं एकट्याचं केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे.

उरणची एका दिवसाची पूर्ण वीज, ते १ कोटी ६० लाख युनिट, कोळशावर करायची म्हटलं तर काय होतं ते मी मांडून बघितलं. सुमारे ११ हजार टन कोळसा. आपल्या कोळशात राखच ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास ३,८०० टन राख रोज. २५ टनी डंपर धरले तर दीडशे डंपर. कार्बन डायऑक्साइड १५ हजार टन, गॅसवर कम्बाइन्ड सायकलला साडेसहा हजार. गॅसमध्ये राख शून्य, गंधकही जवळजवळ नाही. ही राख कुठे जाते ते विचारायचं तर नागपूरजवळच्या कोराडीच्या कोळसा केंद्राकडे बघावं. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि ती राख ओढ्यात, शेतात गेली.

मुलीला मी दिलेला 'हो' इथे अर्धा खरा ठरतो. उरणचं केंद्र चालतं तेव्हा द्रोणागिरीला थोडा त्रास होतो आणि चंद्रपूरचा त्रास थोडा हलका होतो. ते थांबतं तेव्हा आमच्या गॅलरीतून हवा स्वच्छ दिसते, एवढंच. प्रदूषण थांबत नाही, ते सहा-सातशे किलोमीटर पूर्वेला सरकतं. आणि सरकताना दुपटीपेक्षा जास्त होतं.

न दिसणारा वायू

आता गॅसच्या बाजूने बोलणारे सहसा गाळतात ती गोष्ट. नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला तर कार्बन डायऑक्साइड, पण न जळता निसटला तर वीस वर्षांच्या मुदतीत त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो. शंभर वर्षांची मुदत धरली तर २७ ते ३० पट. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षंच टिकतो, म्हणून मुदतीप्रमाणे आकडा एवढा बदलतो.

गळती केंद्राच्या कुंपणात फारशी नसते. ती असते विहिरीवर, कॉम्प्रेसरवर, झडपांच्या पॅकिंगवर, नीट न जळणाऱ्या मशालीत. मी कारखान्यांत गळती शोधतो तेव्हा अजून साबणाचं पाणी वापरतो. पाइपच्या जोडावर, फ्लँजवर, ब्रश फिरवायचा आणि बुडबुडा फुगताना बघायचा. बोटाच्या पेराएवढा बुडबुडा तीन सेकंदांत फुगला तर मालकाला बोलावून दाखवतो. कागदावरच्या टक्क्यांनी तो हलत नाही, बुडबुड्याने हलतो. समुद्रात शेदीडशे किलोमीटरवरच्या तेलविहिरींच्या फलाटावर ब्रश फिरवायला आपण जाऊ शकत नाही, म्हणून उलटं गणित केलं. किती टक्के गॅस वाटेत गळला तर गॅसची वीज कोळशाच्या बरोबरीला येईल?

कम्बाइन्ड सायकलला एका युनिटसाठी साधारण १४५ ग्रॅम मिथेन लागतो. कोळशाशी फरक साडेपाचशे ग्रॅमचा. वीस वर्षांच्या मापाने तो फरक पुसून टाकायला पावणेसात ग्रॅम गळती पुरते, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. ओपन सायकलला मात्र गॅस जास्त लागतो आणि फरक आधीच कमी असतो, त्यामुळे १.८ टक्के गळतीतच फायदा संपतो. कोळशाच्या खाणींतूनही मिथेन सुटतो, तो मी धरलेला नाही. धरला तर हे आकडे गॅसच्या बाजूने थोडे सरकतील. पण दोन आकड्यांमधलं अंतर तसंच राहतं, आणि ते पुन्हा त्या १२० मेगावॉटच्या वाफेच्या टर्बाइनपाशी येऊन थांबतं.

कुंपणाजवळचं

नायट्रोजन ऑक्साइड हा गॅसचा खरा स्थानिक दोष. तो इंधनातून येत नाही. ज्वाळा इतकी तापते की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात. उन्हात त्यातून ओझोन होतो, आणि दम्याच्या माणसाला तो लगेच जाणवतो. १९९९ नंतरच्या ४०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या गॅस केंद्रांना ५० पीपीएमची (दहा लाख भागांत ५० भाग) मर्यादा आहे, जुन्यांना १५०. या १५० च्या कडेला चालणारी जुनी टर्बाइन कम्बाइन्ड सायकललाही युनिटमागे जवळपास दोन ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडते, आणि तेवढा कोळशाचं केंद्रही सोडतं. म्हणजे या एका बाबतीत 'गॅस स्वच्छ' हे म्हणणं जुन्या यंत्रांना लागू पडत नाही. नव्या बर्नरमध्ये गॅस आणि हवा आधीच मिसळून ज्वाळा थंड ठेवतात, जुन्यात पाणी किंवा वाफ मारून. गॅस टर्बाइन सुरू होताना कधी फिकट पिवळसर झाक दिसते, ती याच कुटुंबातली. खिडकी लावायचीच असेल तर ती पांढऱ्या ढगाला न लावता या पिवळ्याला लावावी.

दिवसा वारा समुद्रावरून येतो आणि हे सगळं पनवेलकडे नेतो. हिवाळ्याच्या रात्री हवा खाली दबून बसते, तेव्हा ते इथेच राहतं. शिवाय जेएनपीटी बंदराच्या कंटेनर ट्रेलरांचा धूर आहेच. गंमत म्हणजे टर्बाइनलाही त्याचा त्रास होतो. सेकंदाला काहीशे किलो हवा ओढणाऱ्या यंत्राच्या तोंडाला फिल्टर असतात. खारी हवा, रस्त्याची धूळ आणि काजळी यांनी ते चोंदले की वीज कमी निघते. मे महिन्यात हवा विरळ होते, तेव्हाही कमी निघते, नेमकी एसी जोरात असताना.

आवाजाबद्दल एवढंच की वाफ सोडण्याच्या नळ्यांवर सायलेन्सर चांगला असला-नसला याने रात्रीच्या झोपेत फार फरक पडतो. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि द्रोणागिरीत त्याच्यावर जायला ट्रेलरचा एक हॉर्न पुरतो.

पाण्याचा पेच वेगळा. ज्या वाफेच्या बाजूने कार्बन वाचतो, तीच पाणी मागते. कूलिंग टॉवरवरचा पांढरा ढग म्हणजे उडून गेलेलं पाणी, युनिटमागे साधारण लिटरभर. ओपन सायकलला जवळजवळ काहीच लागत नाही. उरणकरांना उन्हाळ्यात रानसईच्या पाण्याची कपात काय असते ते सांगायला नको. तरी मी वाफेच्या बाजूनेच बोलेन, कारण टॉवरला सांडपाणी शुद्ध करूनही पुरवता येतं. हवेत गेलेल्या कार्बनला तसा दुसरा उपाय नाही.

आणि एक कबुली. उरणच्या पर्यावरणाच्या दुखण्यांची यादी मी केली, तर हे केंद्र तिच्यात वरच्या ओळींत येणार नाही. पाणजेच्या पाणथळीत भरतीचं पाणी येण्याच्या वाटा, खारफुटीवरचे भराव, ट्रेलरांच्या रांगा, हे सगळं आधी येईल. या जमिनी ज्यांच्या होत्या त्यांनी १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या आंदोलनात जासईला गोळ्या झेलल्या. त्यांच्या नातवंडांना ढग पांढरा की पिवळा, हा प्रश्न जरा दुय्यमच वाटतो.

माझ्या हातात असतं तर

गॅस थोडाच मिळणार हे गृहीत धरून एक संच निवडायचा, दोन गॅस आणि एक वाफ, आणि तो थंड पडू न देता भरून चालवायचा. चारही टर्बाइन अर्ध्या-अर्ध्या चालवायच्या नाहीत. मिळालेल्या गॅसचा पुरवठा रोज कमी-जास्त होण्यापेक्षा महिनाभर एकसारखा ठेवायचा, थोडा कमी मिळाला तरी चालेल.

ग्रिडवाले मित्र यावर लगेच म्हणतील की संध्याकाळी सूर्य मावळला की सौर वीज पडते, तेव्हा झटकन उठणारी गॅस टर्बाइन सोन्याच्या मोलाची. खरं आहे. पण झटकन उठते ती ओपन सायकलमध्ये, म्हणजे ६०० ग्रॅमवाली. संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी ठाणे जिल्ह्याच्या हद्दीवर घाटघरचा उदंचन प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं. सह्याद्रीच्या कड्यांवर असे आणखी प्रकल्प होण्यासारखे आहेत. धावायचं काम त्यांना द्यावं, आणि जुन्या टर्बाइनला तिच्या चालीने चालू द्यावं. ऐन अडचणीला ती उठेल, पण रोज तिला पळवू नये.

हे सगळं मी मुलीला सांगितलं, अर्थात टक्केवारी वगळून. वाफेची बाजू चालू की बंद हे घरबसल्या ओळखायचा खेळ तिला आवडला आणि जानेवारीभर रोज सकाळी तिचा मेसेज येत राहिला, 'आज ढग आहे', 'आज छोटा आहे'. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस आला, 'आज ढगच नाही. बंद पडलं का?'

मी कळवलं की हवा तापली, आता वाफ असली तरी ढग दिसणार नाही, चिमणीच्या तोंडाशी हवा हलते का ते बघ. थोड्या वेळाने तिने फोटो पाठवला. समोरच्या प्लॉटवरच्या इमारतीचा पाचवा स्लॅब पडला होता. हिरव्या जाळीच्या वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसत होती.